सापडल्यास येथे पोचवावे

प्रेस्टन, १६ सप्टेंबर

बाबा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही.

फोन करत नाहीये, कारण फोनवर तू "थांब, किटली लावलीय" म्हणतोस आणि मग ती किटली काही उकळत नाही. पत्र तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. पॉलीन आत्याच्या वरच्या खोलीत आहे. ती तुझीच बहीण असून तोंडाने बोलते, ही निसर्गाची कमाल म्हणायची.

तू काय केलंस ते तुला अजून कळलेलं दिसत नाही, म्हणून सावकाश सांगते. कोरियात इंग्रजी शिकवायला जायचं तर व्हिसासाठी पदवीचं मूळ प्रमाणपत्र लागतं. त्या कागदावर आधी वकिलाने सही-शिक्का करायचा, मग सरकारी कचेरीने वर आपला शिक्का उठवायचा. कागदावर, बाबा. प्लॅस्टिकवर नाही. शुक्रवारी मी वकिलाच्या ऑफिसात फाइल उघडली, तर तिथल्या बाईने माझी पदवी नखाने वाजवून बघितली. "अगं, हे तर लॅमिनेट केलंय! यावर शिक्का कसा मारणार? कुणी केला हा शहाणपणा?"

"वडिलांनी," मी म्हटलं.

"अरेरे," ती म्हणाली. मागे बसलेला एक म्हातारा, ज्याचा काही संबंध नव्हता, तोही म्हणाला, "अरेरे."

घरी आले तेव्हा तू टोस्टला लोणी लावत होतास. मी एवढी ओरडले की शेजारच्या मिसेस गॉर्नलने नीट ऐकू यावं म्हणून रेडिओ बंद केला. आणि तू काय म्हणालास? "आता ओल नाही लागणार त्याला." झालं. पुन्हा टोस्ट.

तू शाळेचा केअरटेकर झालास आणि तिथलं लॅमिनेशनचं मशीन तुझ्या ताब्यात आलं, तेव्हापासून आपल्या घरात एक वस्तू सुटलेली नाही. कचऱ्याचे वार लॅमिनेट. अडकणाऱ्या दारावरची 'दाराला खांदा लावा' ही पाटी लॅमिनेट. माझं पोहण्याचं सर्टिफिकेट, नॅन आजीच्या खिरीची कृती, सगळं. आणि आई स्पेनला गेली त्या महिन्यात, मी नऊ वर्षांची असताना, तू माझ्या दप्तराला जे कार्ड अडकवलंस ते? काळ्या जाड पेनाने: 'कीली थ्रेलफॉल. सापडल्यास येथे पोचवावे.' खाली आपला फ्लीटवुडचा पत्ता. शाळेत पोरं मला 'हरवलेलं सामान' म्हणायची. एकदा मी ते कापून धक्क्यावरून समुद्रात टाकलं आणि तुला सांगितलं, पडलं कुठेतरी. दुसऱ्या दिवशी तू नवीन करून आणलंस.

नवीन प्रमाणपत्राला विद्यापीठ तीन आठवडे घेतं. कोरियातल्या त्या सुन्चॉनच्या शाळेला सगळे कागद ३१ ऑक्टोबरपर्यंत हातात हवेत, नाहीतर जागा दुसऱ्याला. एजन्सीतल्या मिस हानने हे मला तीनदा माफी मागून सांगितलं. तिची काय चूक? तिच्या वडिलांनी काही लॅमिनेट केलेलं नाही.

मला वाटतं, तू हे मुद्दाम केलंस.

कीली

प्रेस्टन, २४ सप्टेंबर

बाबा,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, हे सांगायला नकोच. आत माझी पदवी आहे, किंवा होती.

इस्त्री? खरंच, इस्त्री? कुणी सांगितलं तुला, गरम केलं की प्लॅस्टिक सुटतं म्हणून? सुटलं ना. अर्धं सुटलं आणि जाताना माझं आडनाव घेऊन गेलं. आता मी नुसती 'कीली' आहे आणि कुलगुरूंच्या सहीवर इस्त्रीचं टोक उमटलंय. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

विद्यापीठाच्या अर्जात एक रकाना आहे: मूळ प्रमाणपत्र कसे खराब झाले? मी पंधरा मिनिटं त्या रकान्याकडे बघत बसले. शेवटी लिहिलं, 'वडिलांनी आधी लॅमिनेट केले, मग इस्त्री केली.' आत्याने खांद्यावरून वाचलं आणि ती जिन्यात बसून हसत सुटली. मला हसू आलं नाही. खरं तर आलं, पण तुझ्यासमोर ते कबूल करणार नाही.

एक मात्र विचारते. हे करण्याआधी एक फोन करता आला नसता? "कीली, मी असं असं करतोय, चालेल का?" सात शब्द. एवढे शब्द तू वर्षातून एकदा नाताळात वापरतोस हे मला माहीत आहे, पण उसने घ्यायचे होतेस.

नवीन प्रमाणपत्र घरच्या नोंदलेल्या पत्त्यावरच येतं, म्हणजे तुझ्याकडे. आल्यावर काय करायचं ते नंतर कळवते. तोवर इस्त्रीला हात लावू नकोस.

कीली

प्रेस्टन, २ ऑक्टोबर

बाबा,

माझं टपाल पुढे पाठवल्याबद्दल आभार. बँकेचं पत्र, दातांच्या डॉक्टरांचं पत्र, आणि पदवीदान समारंभाच्या फोटोवाल्याचं पाकीट. फोडलेलं. वर शिक्का २९ जुलैचा.

म्हणजे तुला दोन महिने माहीत होतं.

हे लोक नमुन्याचे फोटो घरच्या पत्त्यावर पाठवतात, मला ठाऊक नव्हतं. असतं तर आत्याचा पत्ता दिला असता. बघ, लपवत नाही. झगा-टोपीत मी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तिचा टेरी. टेरीने माझ्या खांद्यावर हात ठेवलाय. मी हसतेय.

हो, मी तुला खोटं सांगितलं. पाहुण्यांची तिकिटं संपली नव्हती. प्रत्येकाला दोन मिळतात आणि मी ती दोन्ही त्या दोघांना दिली. ऐकायचंय का दिली? आईने मागितली म्हणून. "मला यायचंय" असं तोंड उघडून म्हणाली म्हणून. तुला मी म्हटलं, तिकिटं संपली, तर तू काय म्हणालास आठवतं? "बरं. मग त्या दिवशी शाळेची पन्हळं साफ करून घेतो." एकदा तरी म्हणायचंस, असं कसं संपतील? भांडायचंस त्या विद्यापीठाशी. माझ्याशी भांडायचंस. तू शिडी घेऊन निघालास.

आणि तू आला असतास तर? नॅनच्या दफनाला घातलेला तो सूट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, मिठाची गुळणी धरून बसला असतास. आई बोलत राहिली असती आणि मी मधे. मला एक दिवस तुझ्या त्या गप्प बसण्याशिवाय हवा होता. एकच दिवस.

आईचंही सांगते, आता सांगतेच आहे तर. ती मोठ्याने रडली, सगळ्यांनी वळून बघितलं. टेरीने दोनदा विचारलं, गाडी लावायचे तासाला किती घेतात. जेवायला थांबले नाहीत.

फोटो बघून तुला राग आला असेल. येऊ दे, यायलाच हवा. पण तो तू माझ्या पदवीवर काढलास, प्लॅस्टिक चढवून, एक शब्द न बोलता. आता मला सगळं कळलं.

कीली

प्रेस्टन, ९ ऑक्टोबर

बाबा,

आत्याने माझी खरडपट्टी काढली. आधीच्या पत्रात काय लिहिलं ते मी तिला सांगितलं, शाबासकीच्या अपेक्षेने. ती म्हणाली, "मूर्ख पोरी, तारखा तरी बघ."

तिच्या सांगण्याप्रमाणे तू लॅमिनेशन केलंस ते १८ जुलैला. मी घरी येऊन प्रमाणपत्र टेबलावर टाकलं आणि म्हटलं, "खिडकीवर मिळालं, काही विशेष नाही," त्याच्या दुसऱ्याच दिवशी. फोटो यायला अजून अकरा दिवस होते. कोरियाचं तर तुला काहीच ठाऊक नव्हतं. ते मी तुला ऑगस्टपर्यंत सांगितलं नाही आणि ऑगस्टमध्येही मी सांगितलं नाही, कराराची प्रत तुझ्या हाती लागली. तेव्हा मी म्हटलं, नुसती चौकशी करतेय. सही मेमध्येच केली होती.

ती म्हणाली, तू प्रमाणपत्र कोटाच्या आतल्या खिशात घालून शाळेत नेलंस. स्वयंपाकघरातल्या बायकांना दाखवलंस, मुख्याध्यापिकेला दाखवलंस, दुसरीच्या वर्गाला दाखवलंस. संध्याकाळी क्लबात नेलंस. तिथे कुणाचा तरी ग्लास कलंडला आणि बिअर कागदापासून चार बोटांवर थांबली, तेव्हा तू उठलास, शाळेत परत गेलास, कुलूप काढून मशीन तापवलंस. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लबात. "थ्रेलफॉलांतली पहिली," एवढंच म्हणायचास म्हणे, आणि ते टेबलावरून सरकवायचास.

क्लबातल्या सगळ्यांना दाखवलंस. मला का नाही दाखवलंस, की तुला एवढं वाटलंय? मला म्हणालास, "जपून ठेवलंय." मी म्हटलं, हं.

मुद्दाम केलंस हे मी मागे घेते. बाकीचं घेत नाही. तू फोटो बघून दोन महिने माझ्यासमोर बसून वाटाणे खाल्लेस, हे मी मागे घेत नाही. एकदा ओरडला असतास तर मी माफी मागितली असती आणि विषय संपला असता. आता ती माफी माझ्या घशात अडकलीय आणि त्याचाही राग तुझ्यावरच येतोय.

कामाचं: नवीन प्रमाणपत्र १४ तारखेच्या आसपास येईल. फोडू नकोस, वाकवू नकोस, तापवू नकोस. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने इकडे पाठव. पुढचं मी बघते. समजलं?

कीली

प्रेस्टन, २१ ऑक्टोबर

बाबा,

कुठे आहे?

विद्यापीठ म्हणतं, १४ तारखेला सकाळी तुझ्या दारात पोचलं आणि तू सही करून घेतलंस. आज २१. दहा दिवस उरलेत आणि वकील, शिक्का, कुरिअर, सगळं अजून व्हायचंय. फोन केला तर वाजत राहतो. मिसेस गॉर्नलला केला तर म्हणते, "दोन दिवस पडदे उघडले नव्हते बाई, मग उघडले, मी काही विचारलं नाही." ती विचारत नाही! जन्मात पहिल्यांदा!

आता मला तारखा दाखवू नकोस. हे मुद्दाम आहे. तू कागद ड्रॉवरमध्ये ठेवून वर बसला आहेस. परदेश म्हणजे तुझ्या लेखी आई. आई पंधरा दिवसांच्या सुट्टीला गेली आणि आली नाही, म्हणून मीही येणार नाही. म्हणून मला दप्तरासारखं पत्ता लावून खुंटीला टांगून ठेवायचं.

मी तेरा वर्षं तुझ्या त्या मुकाटपणात काढली. मला वाटायचं, आई वाईट म्हणून गेली. आता कळलं ती का गेली. जो माणूस थांब म्हणत नाही आणि जा म्हणत नाही, त्याच्यासमोर माणूस गुदमरतो.

३१ तारीख चुकली तर मी तुझ्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. हे मी रागात लिहीत नाहीये. रागातच लिहितेय, पण करणार आहे.

कीली थ्रेलफॉल

प्रेस्टन, २५ ऑक्टोबर

बाबा,

काल दुपारी दारातल्या फटीतून एक पाकीट आत पडलं. बेल वाजली नाही. मी दार उघडेपर्यंत तू कोपऱ्यावर पोचला होतास. पाठीवरून ओळखलं. हाक मारली नाही. पायांत मोजे नव्हते हे कारण मी आत्याला सांगितलं.

कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचे दोन पुठ्ठे, मधे प्रमाणपत्र. वकिलाची सही, शिक्का. सरकारी कचेरीचा शिक्का. सगळं झालेलं. मी जिन्यात बसून तो शिक्का बोटाने चाचपला. आज सकाळीच कुरिअरने कोरियाला रवाना केलं. पाच दिवस म्हणतात. वेळेत पोचेल.

आत्याने तुला फोन केला आणि तासभर घालून तुझ्याकडून नऊ वाक्यं काढली. मी मोजली. १५ तारखेला तू वकिलाकडे गेलास. १६ला, एकोणीस वर्षांत पहिली रजा घेऊन, आगगाडीने त्या कचेरीत. मुख्याध्यापिकेला वाटलं, कुणीतरी वारलं. पोस्टावर विश्वास नाही म्हणून तू स्वतः गेलास. आणि दारातल्या माणसाने सांगितलं, "साहेब, इथे खिडकी नाही, कागद पोस्टानेच घेतो आम्ही." मग तू फाटकासमोरच्या लाल पेटीत पाकीट टाकलंस. आपण टाकलेलं टपाल समोरच्या दारातून आत जाताना दिसतं का बघायला दुसऱ्या दिवशीही तिथल्याच एका बाकावर बसलास. टपाल आत गेलं, तेव्हा घरी आलास. शिक्का होऊन ते काल सकाळी तुझ्याकडे परत आलं.

"सांगायचं नाही का तिला?" आत्याने विचारलं, तर म्हणालास, "सांगायचं काय? करायचं होतं."

माझं २१ तारखेचं पत्र तुला २२ला मिळालं असणार. म्हणजे ते वाचून, मग तू बसने इथे आलास. आईबद्दलचं ते वाक्य वाचून आलास. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. ते पत्र फाडून टाक. कृपा करून लॅमिनेट करू नकोस.

माफ कर. तिकिटांबद्दल आणि त्या पत्राबद्दल. पण बेल वाजवायची होतीस, बाबा. दार मी उघडलं असतं.

कीली

प्रेस्टन, १५ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिलंय, तरी भयंकर चिडले आहे. का ते सांगते.

व्हिसा सोमवारी मिळाला. शिकवण्याचे तास ठरले, बॅग घेतली, आत्याने तिच्यात चहाचे तीन मोठे डबे कोंबले. कोरियात चहा मिळतो म्हटलं तर म्हणे, "तो त्यांचा." आईला तारीख कळवली. तिने फोनवर एक अंगठा पाठवला. येते भेटायला म्हणाली होती, आता अंगठा.

आणि काल तुझं पाकीट. यावेळीही चिठ्ठी नाही. बॅगेला लावायचं कार्ड. लॅमिनेट केलेलं, कोपरे कात्रीने गोल केलेले. तोच काळा जाड पेन. 'कीली थ्रेलफॉल. सापडल्यास येथे पोचवावे.' खाली सुन्चॉनच्या शाळेचा पत्ता, कोरियन अक्षरांत. करारावरून बघून काढलास ना? प्रत्येक रेघ आधी पेन्सिलने काढलेली दिसते. मिस हानला फोटो पाठवला. ती म्हणाली, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आहे, पण टपालवाल्याला वाचता येईल.

मग मी कार्ड उलटलं. मागे आपला पत्ता असेल म्हणून. मागे काही नाही. कोरं पांढरं.

तेरा वर्षं मी त्या पत्त्याला वैतागले. धक्क्यावरून समुद्रात फेकला. आणि आता तू तो स्वतःहून गाळलास? मला जाऊ द्यायचं होतं म्हणून? कुणी सांगितलं तुला इतकं जाऊ द्यायला? मी एक वर्ष शिकवायला चाललेय, दत्तक नाही चाललेय. उद्या मी सुन्चॉनमध्येच हरवले तर लोकांनी मला कुठे पोचवायचं? एवढी अक्कल नको?

मी पेनाने मागे आपला पत्ता लिहून बघितला. लॅमिनेशनवर शाई धरत नाही. तीनदा लिहिला, तीनदा बोटाला आला. आत्या खालून ओरडली, "काय झालं गं, का रडतेस?" म्हटलं, चिडलेय.

तेव्हा हे कार्ड रद्द. नवीन कर. पुढे सुन्चॉन, मागे फ्लीटवुड, आणि मागचा पत्ता मोठ्या अक्षरांत. पोस्टाने पाठवायचं नाही. २७ तारखेला सकाळी आठ वाजता, मँचेस्टर विमानतळ, दुसरं टर्मिनल, तू स्वतः घेऊन यायचंस. बॅगेला तूच बांधायचंस, मला तुझी गाठ जमत नाही.

तो दफनाचा सूट घातलास तरी चालेल. काही बोलला नाहीस तरी चालेल. निरोपाला तिकीट लागत नाही.

तुझी,
कीली